जांभा, चुना आणि लोखंड

बेळगाव-निपाणीच्या मुलखाला आपण सीमाभाग म्हणतो ते भाषेच्या अंगाने. परंतु मराठी, कानडी आणि कोंकणी बोलणारी माणसे येथे एकत्र नांदू लागण्यापूर्वी कितीतरी आधी दगडांच्या आणि मातींच्या सीमा ह्या भूमीत एकमेकींना भिडलेल्या होत्या. खानापूरकडून बेळगावात येणाऱ्या वाटेवर तांबडा, सच्छिद्र जांभा दिसतो. उत्तरेकडे दख्खनचा काळा पाषाण पसरलेला आहे. पूर्वेस गोकाकजवळ घटप्रभा ज्या कड्यावरून खाली झेपावते, तो कडा वालुकाश्माचा आहे. आणि निपाणीच्या बाजूस वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यांत शेतकऱ्याचे डोळे निवविणारी काळी जमीन आहे.

घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ह्या संपत्तीतील प्रत्येक वस्तूत काही ना काही उणीव आहे. जांभा पाणी पितो. काळा दगड घडवावयास कठीण आणि वाहून न्यावयास जड. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ठेवलेला पाया दरवर्षी थोडा थोडा हलत असतो. म्हणून ह्या मुलखातील बांधकामाचा इतिहास म्हणजे एका परीने ह्या उणिवा भरून काढण्याचा इतिहास होय. दुबळ्या वस्तूला जोड कशी द्यावी, ही विद्या येथील गवंडी, पाथरवट आणि सुतार ह्यांनी पिढ्यान्पिढ्या जोपासली. ती विद्या कोणत्या पायऱ्यांनी वाढली, आणि आज लोखंड व सिमेंट हाताशी असताना तिच्यातले काय टिकवावयास हवे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम निव्वळ दगडाच्या बांधकामाकडे पाहू. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती ही जैन वास्तू इ. स. १२०४ च्या सुमारास, रट्ट राजवटीत, बिचिराज ह्या अधिकाऱ्याने उभारली. तिच्या छतातून खाली उमललेले पाषाणाचे कमळ पाहून प्रेक्षकाचे मन कोरीव कामात गुंतते. पण त्या कमळाखालचे खांब किती जवळ जवळ उभे आहेत, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कित्तूरजवळच्या देगाव येथील कमलनारायण मंदिर गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिच्यासाठी तिप्पोज ह्या स्थपतीने बाराव्या शतकात बांधले. घाटाखालच्या गोव्याचे आणि घाटावरच्या बेळगावचे नाते किती जुने आहे, ह्याची ते मंदिर साक्ष देते. त्याच्याही सभामंडपात हीच खांबांची दाटी दिसते.

ह्या दाटीचे कारण दगडाच्या स्वभावात आहे. दगड डोक्यावरचा भार मुकाट्याने सोसतो. त्याला चेपून टाकणे कठीण. परंतु दोन टोकांना आधार देऊन तीच शिळा आडवी ठेवली आणि मध्यभागी भार दिला, तर तिची खालची बाजू ताणली जाते, आणि ताण हे दगडाचे मर्म आहे. तो तेथेच तडकतो. म्हणून त्या काळच्या स्थपतींनी शिळेची लांबी आखूड ठेवली, खांब जवळ आणले आणि छत साधताना एकावर एक थर थोडे थोडे पुढे सरकवीत पोकळी झाकली. ताणाला उत्तर शोधण्याऐवजी ताण उत्पन्नच होऊ द्यावयाचा नाही, ही त्यांची रीत होती. वास्तू उभी राहते ती मुख्यतः स्वतःच्या वजनावर आणि दगडात दगड नेमका बसविण्याच्या कौशल्यावर.

ही रीत राजाश्रयाच्या देवळाला परवडली, सामान्यांच्या घराला परवडणारी नव्हती. सामान्यांच्या मदतीस आला तो जांभा. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन ह्या स्कॉटिश निरीक्षकाचा दक्षिणेतील प्रवासवृत्तांत प्रसिद्ध झाला. मलबारात त्याने हा दगड कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कापताना पाहिला आणि लॅटिन भाषेतील वीट ह्या अर्थाच्या शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ असे नाव दिले. मौज अशी की आपल्या शेजारच्या कानडी भाषेत ह्या दगडाला ‘जंबिट्टिगे’ म्हणतात, आणि त्यातील ‘इट्टिगे’ म्हणजे वीटच. गोमंतकातला ‘चिरो’, रत्नागिरीतला ‘चिरा’ आणि बेळगावचा जांभा ही सर्व एकाच पाषाणाची नावे होत.

जांभ्याचा गुण विलक्षण आहे. खाणीत तो ओलसर आणि मऊ असतो. हातहत्याराने त्याचे चौकोनी चिरे पाडता येतात. बाहेर काढून उन्हावाऱ्यात ठेवला की त्यातील लोहद्रव्य घट्ट होत जाते आणि चिरा कठीण बनतो. म्हणून जाणता गवंडी खाणीतून आलेला चिरा लगेच भिंतीत घालीत नाही. काही काळ तो उघड्यावर वाळवितो. ह्या वाळविण्यास मजबुतीचा पहिला संस्कार म्हटल्यास वावगे होणार नाही. परंतु कठीण झाला तरी जांभा सच्छिद्रच राहतो. बेळगावात वर्षाला सुमारे पन्नास इंच पाऊस पडतो आणि पश्चिमेकडे घाटाच्या माथ्यावर तो ह्याहून कितीतरी अधिक असतो. ते पाणी भिंतीत शिरले की छिद्रांतील मऊ भाग धुपतो आणि चिऱ्याची धार झडू लागते. म्हणून जांभ्याच्या भिंतीला जाडी हवी, वर पुढे आलेली वळचण हवी, खाली पाण्यापासून उंच असे जोते हवे आणि अंगावर चुन्याचा गिलावा हवा. ही चारही कलमे पाळली तर जांभ्याची भिंत शतकानुशतके टिकते. एखादे मोडले तर ती खंगू लागते.

आतापर्यंत शत्रू होता तो पाऊस आणि वजन. पंधराव्या शतकात तिसरा शत्रू आला. बहमनी वजीर महमूद गवान ह्याने १४७२ मध्ये गोवा घेतल्यानंतर विजयनगरच्या बाजूने ते परत घेण्याची हालचाल झाली, आणि तिचे केंद्र बेळगाव होते. म्हणून लगोलग बहमनी फौजेने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला. तटाखाली भुयारे खणून त्यांत दारू ठासून ती पेटविण्यात आली आणि तटाला खिंडारे पडली. सुरुंगाची ही युक्ती दख्खनमध्ये तोवर अपरिचित होती, असे फिरिश्ता ह्या इतिहासकाराने नमूद केले आहे. तट पडण्याचे कारण तो पातळ किंवा ठेंगणा होता हे नव्हे. घाव पायावर पडला हे होय. उंची आणि जाडी म्हणजेच बळकटी, हा जुना समज बेळगावच्या मातीत त्या दिवशी उधळला गेला.

पुढे बेळगाव आदिलशाहीत गेले. असदखान लारी हा मातब्बर सरदार १५४९ मध्ये मरण पावेपर्यंत येथे सत्ता चालवीत होता; किल्ल्यातील सफा मशीद त्याच्याच काळातली. ह्याच काळात, १५३० च्या सुमारास, याकूब अली खान नावाच्या अधिकाऱ्याने किल्ल्याची भिंत पायापासून बांधून काढल्याचे फारसी शिलालेख सांगतो. त्यातील ‘पायापासून’ हा शब्द इतिहासाच्या वाचकाने अधोरेखित करावा असा आहे. आज सुमारे शंभर एकरांचा परिसर कवेत घेणारा जो लंबवर्तुळाकार तट आणि भोवतीचा रुंद खंदक आपण पाहतो, त्याचे मर्म एकट्या दगडात नाही. खंदकातील पाणी सुरुंग खणणाऱ्याला रोखते, तटामागचा मातीचा भराव गोळ्याचा आघात जिरवितो, आणि बुरूज तटाच्या लांब भिंतीला जागोजागी टेकू देतो. दगड, माती आणि पाणी ह्यांनी आपसांत कामे वाटून घेतलेली आहेत. पुढे १८१८ च्या मार्च-एप्रिलमध्ये जनरल मन्रोच्या तोफांपुढे पेशव्यांच्या शिबंदीने हा किल्ला सुमारे तीन आठवडे लढविला. शेवटी शिबंदीने शरणागती पत्करली. तट मात्र आजही उभा आहे.

हे कामाचे वाटप भिंतीच्या आतही चालते, आणि तेथे मध्यस्थ असतो तो चुना. काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे खडे भट्टीत भाजून त्यांची कळी करावयाची, ती पाण्यात विझवावयाची, दिवसचे दिवस मुरवावयाची, आणि मग वाळू किंवा विटांचा चुरा घालून घाणीत मळावयाची. वर्तुळाकार चरात बैलांनी फिरविलेले ते जड दगडी चाक आजही अनेक किल्ल्यांत एखाद्या कोपऱ्यात पडलेले आढळते. चुन्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर, कोठे उडदाचे पीठ घालीत असत. ह्याला आजीबाईचा बटवा म्हणून हसण्याचे कारण नाही. गुळाने चुना लवचिकपणे मळला जातो आणि सावकाश घट्ट होतो. विटांच्या भाजलेल्या चुऱ्याशी चुन्याचा रासायनिक संयोग होऊन तो ओलाव्यातही कठीण बनतो. भिंतीत गेल्यावर चुना हवेतील कर्बवायू शोषीत शोषीत पुन्हा दगड होऊ लागतो. ह्या क्रियेस वर्षे लागतात. म्हणजे चुन्याची भिंत बांधून झाल्यावरही बांधली जातच असते. शिवाय चुना दगडाहून मऊ असल्यामुळे भिंत किंचित हलली तर बारीक भेग दर्जेत पडते, चिऱ्यात पडत नाही. आणि त्याच्यातून ओल बाहेर निघून जाऊ शकते. समुद्रकाठी ह्या मध्यस्थाचे काम धातूकडेही सोपविले गेले. १६६४ मध्ये सुरू झालेल्या सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतल्याची हकीकत सर्वश्रुत आहे.

किल्ल्यांची आणि देवळांची ही कथा झाली. परंतु आजच्या बांधकामशास्त्राचे खरे बीज मला गरिबाच्या घरात दिसते. घाटमाथ्यावरचा शेतकरी कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या विणून त्यांवर माती-शेणाचे लिंपण करतो, त्याला आपण कूड म्हणतो. निपाणी-चिकोडीकडे मातीच्या भिंती घालताना चिखलात गवत किंवा भुसा तुडवून मिसळतात. माती दाब सोसते, पण सुकताना ताणली जाऊन तडकते; गवताची काडी तो ताण स्वतःवर घेते. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, आणि इतक्या शतकांनंतर तो गिलावा टिकण्यात त्यांचा वाटा आहे, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविण्यात आले आहे. काडी, काठी आणि तंतू ही तिन्ही एकच काम करतात: ज्या वस्तूला ताण सोसवत नाही तिच्या पोटात ताण सोसणारी वस्तू घालावयाची.

वाड्यांतून हेच तत्त्व लाकडाने चालविले. खांब, तुळया आणि त्यांवरच्या लगी ह्यांचा सांगाडा आधी उभा करावयाचा आणि भिंती मागाहून भरावयाच्या, ही ‘खणां’ची पद्धत. सरलष्कर सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर निपाणकर ह्यांच्या काळात, म्हणजे १८३९ पूर्वीच्या काही दशकांत, निपाणीला वैभव आले तेव्हा घर किती मोठे हे खणांच्या संख्येवरूनच सांगितले जाई. खालची जमीन फुगली-आकसली तरी लाकडाचे सांधे थोडे वाकून घेतात आणि घर सावरते.

आता लोखंडाकडे येऊ. १८२४ मध्ये इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन ह्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. १८६७ मध्ये जोसेफ मोनिये ह्या फ्रेंच माळ्याने झाडे लावण्याच्या कुंड्या वारंवार फुटतात म्हणून सिमेंटात लोखंडी जाळी घालून पाहिली आणि तिचे पेटंट घेतले. ज्या विद्येवर आजची शहरे उभी आहेत तिचा एक उगम असा बागेतल्या कुंडीत आहे. कारवीच्या कुडाची आठवण व्हावी इतके दोहोंत साम्य आहे. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण सोसण्याची त्याची शक्ती मात्र दाबाच्या सुमारे एकदशांशच. तो ताण सळई घेते. उष्णतेने काँक्रीट आणि पोलाद जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, म्हणून ऊन-थंडीत त्यांची फारकत होत नाही. शिवाय काँक्रीटमधील क्षारतेमुळे आतले लोखंड गंजण्यापासून सुरक्षित राहते. कमल बस्तीच्या स्थपतीला जे अंतर खांबांची रांग उभारून ओलांडावे लागे, ते आज साधी स्लॅब एका झेपेत ओलांडते.

ह्या नव्या सामर्थ्याची गरज भूकंपांनी पटविली. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला झालेल्या भूकंपाचा धक्का बेळगाव-गोव्यापर्यंत जाणवला. कोयनेचे सुमारे १०३ मीटर उंचीचे धरण दगड घातलेल्या काँक्रीटचे, आपल्या वजनावर उभे राहणारे. म्हणजे तत्त्वतः जुन्या देवळांच्याच कुळातले. ते पडले नाही, पण उंच भागांत, जेथे मागच्या उताराचा कल बदलतो त्या पातळीवर, त्याला आडव्या भेगा गेल्या. मग तारांचे ताणबंध घालून आणि पुढे मागील बाजूस काँक्रीटचे भक्कम टेकू उभारून ते बळकट करण्यात आले. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे स्वतःच्याच घरांच्या भिंतींखाली गाडली गेली. त्या भिंती जाड होत्या. पण बाहेरचा थर आणि आतला थर ह्यांना जोडणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड त्यांत नव्हते, आणि मधे नुसता मातीगोट्यांचा भराव होता. अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडी खण उभेच राहिले. त्यानंतर दुरुस्तीचे जे मार्ग सुचविले गेले त्यांत आरपार बंधाचे दगड आणि घराभोवती फिरणारा काँक्रीटचा आडवा पट्टा हे प्रमुख होते. बेळगावच्या सुरुंगाने शिकविलेला धडा किल्लारीने दुसऱ्या शब्दांत पुन्हा शिकविला: जाडी म्हणजे बळकटी नव्हे, जोड म्हणजे बळकटी.

एवढे मान्य केल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आज आपल्याकडे नुकसान होत आहे ते ह्याच बाजूने. लोखंडाचे बळ कोरडेपणावर अवलंबून आहे. काँक्रीटमधील क्षारता हवेने आणि ओलीने कालांतराने कमी होते, पाणी सळईपर्यंत पोचते, लोखंड गंजते, आणि गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. मग आतूनच दाब येऊन काँक्रीटचे पोपडे सुटतात. पन्नास इंच पावसाच्या मुलखात, जेथे स्लॅबवर उतार नाही आणि भिंतीवर वळचण नाही, तेथे हे काही दशकांतच घडते. जुन्या जांभ्याच्या घरावर तर संकट दुहेरी आहे. दुरुस्ती म्हणून त्याच्या अंगावर कडक सिमेंटचा गिलावा चढविला की बाहेरून घर नवे दिसते; परंतु जमिनीतून चढणारी ओल आणि भेगांतून शिरलेले पाणी बाहेर पडण्याची वाट बंद होते. ते आतच कोंडते, चिरा सडवते, आणि एके दिवशी गिलावा चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच खाली येतो.

ह्याच्या उलट चूक गोमंतकात झाली. जुन्या गोव्यातील बॉम जेझूचे मंदिर १६०५ मध्ये पुरे झाले. त्याच्या जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज अमदानीत, तो काढून तांबडा दगड उघडा करण्यात आला. आज पर्यटकाला तोच रंग पुरातन वाटतो. पण प्रत्येक पावसाळा त्या उघड्या चिऱ्यातून काही कण घेऊन जातो, आणि गिलावा परत द्यावा असा आग्रह अलीकडे पुन्हा धरला जात आहे. तेथून जवळच संत ऑगस्टीनच्या प्रार्थनामंदिराचा मनोरा आहे. १८३५ मध्ये ते मंदिर ओस पडले, १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भागासह निम्मा मनोरा ढासळला. तेथे तोफ डागली गेली नव्हती, सुरुंगही पेटला नव्हता. छप्पर शाकारणारा कोणी उरला नव्हता, एवढेच कारण पुरेसे झाले.

तात्पर्य असे की बळकटी हा एखाद्या वस्तूत दडलेला गुण नाही. शत्रू कोण आहे हे ओळखून, दुबळ्या वस्तूला तिच्या स्वभावाला मानवेल अशी जोड देणे आणि ती जोड निगेने राखणे, ह्याचे नाव बळकटी. मातीला गवत मानवते, जांभ्याला चुना मानवतो, काँक्रीटला लोखंड मानवते. जांभ्यावर सिमेंट लादणे म्हणजे दोघांचीही शक्ती घालविणे होय. नवे घर बांधणाऱ्याने सळई आणि आडवे पट्टे अवश्य वापरावेत, पण स्लॅबला उतार द्यावा आणि सळईवर काँक्रीटचे पुरेसे आवरण ठेवावे. ज्याच्या वाट्याला वाडवडिलांचे जांभ्याचे घर आले आहे त्याने आधी छप्पर, पन्हळी आणि जोत्याजवळचा पाण्याचा निचरा पाहावा. दर्जा भरावयाच्या तर चुन्याने भराव्यात आणि गिलावाही चुन्याचाच द्यावा. लाकडी तुळया काढून टाकण्यापूर्वी त्या कोणता भार वाहत आहेत हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

चुन्याचा गिलावा करणारे हात बेळगाव, शहापूर, खानापूर आणि निपाणी येथे दिवसेंदिवस विरळ होत चालले आहेत. चुना नव्याने भाजता येईल आणि घाणी पुन्हा फिरविता येईल. परंतु चुना किती दिवस मुरला म्हणजे भिंतीला लावावा, हे बोटांनी चोळून सांगणारा गवंडी गेला की ते ज्ञान पुस्तकातून सहजासहजी परत यावयाचे नाही. आपल्या घराच्या दुरुस्तीच्या वेळी अशा एका हाताला काम देणे आणि त्याच्याजवळ एक तरुण हात शिकावयास ठेवणे, एवढे आपल्यापैकी पुष्कळांना सहज करता येईल.